आघाडीची फळी, मागचा जादूगार: लढाईबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या लढाईबद्दल आहेत, आणि त्यातही फायटर (हत्यारांनी लढणारा) आणि स्पेल (मंत्र) टाकणारे यांचं एकमेकांशी कसं जमवायचं याबद्दल. आकडे 2014 च्या नियमांप्रमाणे आहेत. 2024 च्या सुधारित पुस्तकाने जिथे मोठा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. पटावरचा एक चौकोन 5 फुटांचा, एक राउंड 6 सेकंदांचा.

प्रश्न: माझा विझार्ड पाचव्या लेव्हलचा आहे. प्रत्येक लढाईची सुरुवात मी फायरबॉलने (पसरणारा आगीचा गोळा) करतो. मागच्या वेळी समोर दोन ओगर (धिप्पाड राक्षस) होते. दोघांवर फायरबॉल पडला, तरी दोघंही उभेच. पुढच्या राउंडला आमचा क्लेरिक (बरं करणारा पुजारी) आडवा. शिवाय दुसऱ्या लढाईला माझ्याकडे तिसऱ्या लेव्हलचा एकही स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) उरत नाही. कुठे चुकतंय?

स्पेल चांगला आहे, गिऱ्हाईक चुकलं. फायरबॉलचं डॅमेज 8डी6, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. ओगरचे हिट पॉइंट 59. इंटेलिजन्स 18 धरला तर तुमचा सेव्ह डीसी (स्पेलपासून वाचायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) 8 अधिक प्रोफिशियन्सीचे (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) 3 अधिक इंटेलिजन्सचे 4 असा 15 होतो. ओगरचा डेक्स्टेरिटी सेव्ह उणे 1, म्हणजे 20 बाजूंच्या फाशावर 16 किंवा वर पडलं तरच तो निम्म्या डॅमेजवर सुटतो. चारांतून एकदा. सगळा हिशेब मांडला की प्रत्येक ओगरला सरासरी साडेचोवीस लागतात आणि त्याच्याकडे चौतीस-पस्तीस उरतात.

मेख इथेच आहे. या खेळात 34 हिट पॉइंटचा ओगर 59 वाल्याइतक्याच जोराने सोटा हाणतो. 1 उरला तरी त्याचा हात ढिला पडत नाही; एका फटक्याला सरासरी 13 डॅमेज शेवटपर्यंत चालूच. त्यामुळे शत्रूला शून्यावर न नेणारं डॅमेज हे फक्त पुढच्यासाठी ठेवलेलं देणं असतं. स्पेल टाकण्याआधी ‘किती डॅमेज होईल’ हे विचारू नका, ‘किती जणांचा पुढचा टर्न जाईल’ हे मोजा. तुमच्या फायरबॉलने त्या राउंडला एकाही ओगरचा टर्न गेला नाही.

आता त्याच स्लॉटमध्ये हिप्नॉटिक पॅटर्न (गुंगी आणणारा स्पेल) टाकला असता तर? ओगरचा विझडम सेव्ह उणे 2. डीसी 15 गाठायला त्याला 17 हवेत, म्हणजे 80 टक्के वेळा तो फसणार. दोघंही फसण्याची शक्यता 64 टक्के, निदान एक तरी फसण्याची 96 टक्के. फसलेला ओगर मिनिटभर, म्हणजे 10 राउंड, जागचा हलत नाही आणि ॲक्शनही घेत नाही. एकच फसला तर सगळ्यांनी जाग्या असलेल्यावर तुटून पडायचं. दोघं फसले तर त्याहून मजा: एकाला अजिबात हात लावायचा नाही, दुसऱ्याभोवती आधी सगळ्यांनी जागा घ्यायच्या आणि मग सुरुवात करायची.

यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, गुंगीतल्या शत्रूवर वार करताना ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरणं) मिळतं असं बरेच जण धरून चालतात. मिळत नाही, तो इनकपॅसिटेटेड (ॲक्शन घेता न येणारा) असतो, पॅरलाइज्ड (लुळा पडलेला) नव्हे. पहिला वार लागला की तो जागा होतो, म्हणून पहिला वार सगळ्यात जड हाताचा असू द्या. दोन, डॅमेज कुठूनही आलं तरी गुंगी उतरते. तुमच्याच सॉर्सररने मागून काहीतरी पसरणारं टाकलं की दुसरा ओगरही उठलाच.

फायरबॉलचं खरं गिऱ्हाईक म्हणजे गॉब्लिन. त्याचे हिट पॉइंट 7. सेव्ह करून निम्मं डॅमेज घेतलं तरी सरासरी 14 लागतात. आठ गॉब्लिन एका वर्तुळात सापडले तर शत्रूचे आठ टर्न एका फटक्यात गेले. तिथे बेलाशक टाका.

स्लॉटचं म्हणाल तर पाचव्या लेव्हलला तुमच्याकडे 4, 3 आणि 2 असे आहेत. विझार्डला दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टनंतर आर्केन रिकव्हरी मिळते: लेव्हलच्या निम्मे, वर पूर्णांकात, म्हणजे तुमच्यासाठी 3. यातून तिसऱ्या लेव्हलचा एक आख्खा स्लॉट परत येतो. पहिल्या लढाईनंतर तासभर थांबायला पार्टीला राजी करा. निम्मे विझार्ड हे विसरतात, आणि मग तिसऱ्या लढाईत कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) टाकत बसतात.

प्रश्न: माझा फायटर पाचव्या लेव्हलचा. प्लेट आर्मर, ढाल, एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) 20. पण शत्रू माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, वळसा घालून थेट विझार्डवर जातात. व्हिडिओ गेममध्ये असतं तसं शत्रूला स्वतःकडे ओढायचं बटण इथे नाही. मग मी करायचं तरी काय?

तुमच्या डीएमचं (खेळ चालवणाऱ्याचं) चुकत नाहीये. ज्याला मारणं कठीण त्याला सोडून ज्याला मारणं सोपं त्याच्याकडे जाणं ही अक्कल गॉब्लिनलाही आहे. तुमच्याकडे त्यांना थांबवणारी एकच फुकटची गोष्ट आहे, अपॉर्च्युनिटी अटॅक, आणि तिच्या दोन मर्यादा नीट लक्षात घ्या. शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर पडला तरच ती मिळते. टप्प्याच्या आतल्या आत तो तुमच्याभोवती फेर धरू शकतो, त्याला काही होत नाही. आणि ती रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नला करायची कृती) असल्यामुळे राउंडमागे एकच. आट्यापाट्यांत पाटी धरणारा येईल त्याला अडवायला बघतो, इथे पाच जण निघाले तर पहिल्याला फटका आणि बाकीचे चार मोकळे. गॉब्लिन तर बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली जादा कृती) डिसएंगेज करतात, म्हणजे फटका न खाता निसटतात, म्हणजे पहिलाही मोकळा.

म्हणून खिंड लढवायची तर आधी खिंड हवी. 5 फुटांच्या दारात उभे राहिलात तर शत्रूच्या अंगावरून पलीकडे जाता येत नाही, अपवाद फक्त तुमच्याहून दोन आकारांनी मोठ्या किंवा लहान प्राण्यांचा. 10 फुटांच्या बोळात मात्र एक चौकोन उघडा पडतो, तिथे दुसरं माणूस लागतं. उघड्या मैदानात फायटरची भिंत होत नाही. तिथे जमीन बदलायचं काम विझार्डचं: वेब (कोळ्याच्या जाळ्याचा स्पेल) टाकला की 20 फुटांचा घन अडखळणारी जमीन होतो आणि त्यात अडकलेला रिस्ट्रेन्ड (जखडलेला) होतो. मात्र वेब दोन भक्कम आधारांमध्ये ताणावा लागतो, किंवा जमिनीवर वा भिंतीवर पसरावा लागतो. अधांतरी टाकला तर पुढच्या टर्नच्या सुरुवातीला कोसळतो. आणि तो पेटतो, त्यामुळे आत आपला माणूस असताना मशाल सांभाळा.

तुमच्या स्वतःच्या हातात असलेलं सगळ्यात प्रभावी हत्यार म्हणजे धरणं आणि पाडणं. पाचव्या लेव्हलला दोन अटॅक मिळतात. पहिल्याऐवजी ग्रॅपल, दुसऱ्याऐवजी शव्ह करून जमिनीवर. धरलेल्याचा वेग शून्य होतो. उठायला निम्मा वेग खर्चावा लागतो, आणि शून्याचं निम्मं खर्चता येत नाही, म्हणून तो उठूच शकत नाही. आधी त्याला पूर्ण ॲक्शन घालवून तुमची पकड सोडवावी लागते. तोवर जवळून मारणाऱ्या सगळ्यांना त्याच्यावर ॲडव्हान्टेज, आणि त्याचे स्वतःचे सगळे वार डिसॲडव्हान्टेजने (दोन फाशांतला लहान धरून). ओगर लार्ज आहे, म्हणजे तुमच्याहून एकच आकार मोठा, चालतो.

शक्यता बघा. तुमचं ॲथलेटिक्स अधिक 7, ओगरची स्ट्रेंग्थ अधिक 4. बरोबरी झाली तर काहीच घडत नाही हे धरून एका झटापटीत तुम्ही सुमारे 62 टक्के वेळा जिंकता. दोन्ही सलग जमणं 38 टक्के. फार नाही. पण वॉरलॉकने हेक्स (शापाचा स्पेल) टाकताना स्ट्रेंग्थ निवडली तर चित्र पालटतं: ओगरला स्ट्रेंग्थ चेकवर डिसॲडव्हान्टेज, आणि तो चपळाईने निसटायला गेला तर त्याची डेक्स्टेरिटी उणे 1.

आता तुमच्या बाबतीतली खरी अडचण. ग्रॅपलला एक हात रिकामा लागतो. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल असेल तर ग्रॅपल नाही. ढाल काढायला आख्खी ॲक्शन जाते, तलवार मात्र तशीच खाली टाकता येते. दोन ओगरांपैकी एकाला लोळवायचंय तर तलवार टाका, एका हाताने धरा, ढालीने पाडा. शव्हला रिकामा हात लागत नाही. नुसतं पाडणार असाल, पकड न घेता, तर टर्नचा क्रम बघा. तुमच्यानंतर लगेच त्याच शत्रूचा टर्न असेल तर तो उठून उभा राहतो आणि कुणाच्याच पदरात काही पडत नाही. रोग आणि बार्बेरियन मध्ये असतील तर सोनं. आणि पडलेल्यावर लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज असतं, तुमच्या रेंजरला आधी विचारा.

सेंटिनल हे फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) घेता आलं तर घ्या. अपॉर्च्युनिटी अटॅक लागला की शत्रूचा वेग त्या टर्नपुरता शून्य, डिसएंगेज करून जाणाराही सुटत नाही, आणि शेजारचा शत्रू तुम्हाला सोडून दुसऱ्याला मारायला गेला तर तुम्हाला रिॲक्शनमध्ये वार मिळतो. रिॲक्शन तरीही एकच, हे विसरू नका. 2024 च्या नियमांत ग्रॅपल-शव्हला समोरासमोर चेक नाहीत. शत्रू तुमच्या 8 अधिक स्ट्रेंग्थ अधिक प्रोफिशियन्सी, म्हणजे 15 च्या डीसीवर स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी सेव्ह करतो. ओगर स्ट्रेंग्थने केला तर बरोबर 50 टक्के.

आणि हा निरोप तुमच्या विझार्डला द्या: फायटरच्या नाकाच्या रेषेत, दारासमोर उभं राहू नये. चाल तोडून वापरता येते. 15 फूट पुढे येऊन दारातून डोकवायचं, स्पेल टाकायचा, उरलेले 15 फूट परत भिंतीआड. जो दिसत नाही त्याला नेम धरून बाण मारता येत नाही. बहुतेक विझार्ड स्पेल टाकून झाला की आहेत तिथेच उभे राहतात, जणू फोटो काढायचाय.

प्रश्न: कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेल धरून ठेवणं) वारंवार तुटतं. फीटपैकी वॉर कास्टर घेऊ की रेझिलियंट? कॉन्स्टिट्यूशन 14, लेव्हल 5.

आज वॉर कास्टर, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. फटका बसला की स्पेल टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा लागतो: डीसी 10 किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त ते. म्हणजे 22 किंवा जास्त डॅमेज एका फटक्यात बसेपर्यंत डीसी 10 च राहतो. तुमचं अधिक 2: 8 किंवा वर हवं, 65 टक्के. एका राउंडला दोन फटके बसले तर दोन वेगळे सेव्ह, दोन्ही जमण्याची शक्यता 42 टक्क्यांवर येते. रेझिलियंटने अधिक 5 होतात: 80 टक्के, दोन फटक्यांना 64. वॉर कास्टरच्या ॲडव्हान्टेजने 88 टक्के, दोन फटक्यांना 77. प्रोफिशियन्सी वाढत जाते आणि फटके जड होत जातात तसं वरच्या लेव्हलला रेझिलियंटचं पारडं जड होतं. तोवर कॉन्स्टिट्यूशन 15 सारखी विषम झाली असेल तर आणखीच, कारण रेझिलियंट 1 वाढवतं.

पण सेव्ह करावाच लागू नये हे सगळ्यात बरं. शील्ड या स्पेलने रिॲक्शनमध्ये एसी 5 ने वाढतो आणि ज्या वाराने तुम्हाला लागलं होतं त्यालाही तो लागू होतो. दुसरं, जे फारसं कुणी करत नाही: कॉन्सन्ट्रेशन टिकवायला ॲक्शन लागत नाही. हिप्नॉटिक पॅटर्न चालू असेल आणि ओगर शेजारी आला असेल तर 2डी10 चं फायर बोल्ट टाकण्याऐवजी डॉज (वार चुकवत राहायची ॲक्शन) घ्या. शेजारी शत्रू असताना लांबून नेम धरणाऱ्या स्पेलला तसाही डिसॲडव्हान्टेजच असतो.

प्रश्न: ग्रेट वेपन मास्टर या फीटचं उणे 5, अधिक 10 (वाराच्या फाशातून 5 वजा, डॅमेजमध्ये 10 जास्त) नेमकं कधी वापरावं? स्ट्रेंग्थ 18, ग्रेटस्वर्ड, लेव्हल 5.

तुमच्या आकड्यांना एसी 17 पर्यंत वापरा, 18 पासून थांबा. एसी 15 ला साधा वार 65 टक्के लागतो, सरासरी 11, म्हणजे प्रत्येक वाराला 7.15. उणे 5 ने 40 टक्के, पण 21 डॅमेज, म्हणजे 8.4. एसी 17 ला 6.05 विरुद्ध 6.3, जेमतेम. एसी 18 ला 5.5 विरुद्ध 5.25, तोटा. क्रिटिकल (फाशावर 20 पडून डॅमेजचे फासे दुप्पट होणारे वार) यात धरलेले नाहीत, त्यांनी निकाल बदलत नाही.

ॲडव्हान्टेज असेल तर एसी 18 लाही परवडतं, आणि एसी 15 ला तर साडेनऊच्या जागी साडेतेरा. म्हणून शत्रू जमिनीवर लोळला किंवा वेबमध्ये अडकला की लगेच. क्लेरिकचा ब्लेस हा स्पेल असेल तर प्रत्येक वाराच्या फाशात सरासरी अडीच वाढतात, मर्यादा आणखी दोन-तीन एसी वर सरकते. उलट, शत्रूकडे 6-7 हिट पॉइंटच उरलेत असं दिसत असेल तर साधा वार करा. 21 घालून त्याला जास्त मेलेला करता येत नाही. डीएम एसी सांगत नसेल तर पहिल्या राउंडला कुणाचे कितीने लागले आणि कितीने चुकले ते कागदावर टिपा. दोन राउंडांत आकडा कळतो. 2024 च्या पुस्तकात ही सौदेबाजीच काढून टाकली आहे. तिथे जड हत्याराच्या डॅमेजमध्ये प्रोफिशियन्सी बोनस मिळतो.

प्रश्न: सॉर्सररने केअरफुल स्पेल (आपल्या माणसांना स्वतःच्या स्पेलपासून जपायची युक्ती) लावून फायरबॉल टाकला तरी माझ्या फायटरला 15 लागले. नियम चुकला का?

नाही. 2014 च्या नियमांत केअरफुल स्पेलने फक्त सेव्ह यशस्वी होतो, आणि फायरबॉलचा सेव्ह यशस्वी झाला तरी निम्मं डॅमेज लागतंच. ते शून्यावर आणतं ते इव्होकेशन विझार्डचं स्कल्प्ट स्पेल्स. केअरफुलची खरी जागा हिप्नॉटिक पॅटर्न, जिथे सेव्ह झाला की काहीच होत नाही. (2024 मध्ये केअरफुलनेही डॅमेज शून्य.) आणि वर्तुळाची त्रिज्या 20 फूट आहे, व्यास नव्हे. पटावर आठ चौकोन रुंद. मध्यबिंदू शत्रूंच्या पाठीमागे सरकवा, आगीची कड फायटरच्या समोर एक चौकोन आधी संपेल असा. आग कोपऱ्यांवरून वळते, खांबाआड लपून भागत नाही.

प्रश्न: क्लेरिक आहे. लढाईत बरं कधी करावं? फायटर निम्म्यावर आला की माझ्यावर सगळे ओरडतात.

ओरडू द्या. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटचं क्युअर वुंड्स सरासरी साडेआठ देतं, ओगरचा एक फटका 13 घेतो. म्हणजे तुम्ही आख्खी ॲक्शन घालवून एका फटक्याचा दोन-तृतीयांश भागच परत दिला. तीच ॲक्शन आणि तोच स्लॉट तीन जणांवर ब्लेस घालण्यात जास्त चालतो. फायटर शून्यावर गेला की मात्र लगेच हीलिंग वर्ड: बोनस ॲक्शन, 60 फुटांवरून, आणि त्याचा टर्न तुमच्या लगोलग पुढे असेल तर त्याचा एकही टर्न बुडत नाही. बोनस ॲक्शनला स्पेल टाकला की त्या टर्नला ॲक्शनमध्ये फक्त कॅन्ट्रिप, हे ध्यानात ठेवा.

ही युक्ती कुठे गळ्याशी येते? शत्रू पडलेल्याच्या शेजारीच उभा असेल तेव्हा. बेशुद्ध माणसाला 5 फुटांतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, आणि क्रिटिकल म्हणजे डेथ सेव्हची (तीन अपयशं झाली की मृत्यू) दोन अपयशं. दोन वार करणारा शत्रू एका टर्नमध्ये खेळ संपवू शकतो. असा शत्रू समोर असेल तर फायटर पडायच्या आधीच त्याला तिथून हलवायला हवं.

एका हातात गदा आणि दुसऱ्यात ढाल असेल तर आणखी एक बारकावा. होली सिम्बॉल (देवाचं चिन्ह) ढालीवर कोरलेलं असेल तर साहित्य लागणारे स्पेल, म्हणजे ब्लेससुद्धा, त्याच हाताने होतात. क्युअर वुंड्सला हातवारे लागतात पण साहित्य लागत नाही, त्यामुळे ढालीचा हात चालत नाही आणि गदा खाली टाकावी लागते. हीलिंग वर्ड नुसतं तोंडी आहे.

प्रश्न: शत्रूकडे मेज (जादूगार) असेल तर? आमचा फायटर जवळ पोचतो, तो मिस्टी स्टेपने (क्षणात दुसरीकडे प्रकट होण्याचा स्पेल) निसटतो.

क्लेरिकने सायलेन्स (आवाज बंद करणारा स्पेल) टाकायचं: 20 फूट त्रिज्या, 120 फुटांवरून. मग फायटरने त्याला त्यातच धरून ठेवायचं. मेजची स्ट्रेंग्थ 9, डेक्स्टेरिटी 14. चपळाईने सुटायचा प्रयत्न केला तरी अधिक 2 विरुद्ध तुमचे अधिक 7. मिस्टी स्टेप तोंडी आहे, शांततेत होत नाही. फायरबॉलही नाही. नुसतं ग्रॅपल केलं तर तो आरामात मंत्र म्हणत राहतो, हे बऱ्याच फायटरांना उशिरा कळतं.

एकच फट राहते. काउंटरस्पेलला फक्त हातवारे लागतात, त्यामुळे सायलेन्सच्या आत बसूनही तो 60 फुटांतल्या तुमच्या विझार्डचा स्पेल खोडू शकतो. विझार्डला 65 फुटांवर ठेवा, किंवा मेजच्या नजरेआड. दिसत नसलेला स्पेल त्याला खोडता येत नाही.